रोहित पक्षी काय, कुठेही राहतील! – एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रोहित पक्ष्यांवरील, म्हणजे फ्लेमिंगोंवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय सांगतो. लेखाच्या पूर्वार्धात मी हे पक्षी आफ्रिकेतल्या होरपळणाऱ्या, क्षारांनी भरलेल्या सोडा सरोवरांपासून अँडीज पर्वतातल्या गोठवणाऱ्या पठारांपर्यंत राहतात असे कौतुकाने सांगतो आणि उत्तरार्धात नवी मुंबईतले एखादे तळे बुजले तर त्यांचे कसे होणार म्हणून गळा काढतो, हे दोन डगरींवर पाय ठेवणे आहे, असा आपला आक्षेप आहे. ठाण्याच्या खाडीत हे पक्षी आले तेच मुळी आपल्या सांडपाण्यामुळे, आणि एक जागा गेली तर ते दुसरी शोधतील, पंख त्याचसाठी असतात, असेही आपण म्हणता. ताजा कलम म्हणून आपण विचारले आहे की, रोहित एका पायावर उभा राहतो तो थंडीपासून बचाव म्हणून, मग मुंबईच्या मे महिन्यात त्याला कसली थंडी वाजते?

आपला मुख्य आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. मात्र त्यात हवामान आणि पाणी या दोन गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत. हवेचे तापमान, ऊन, वारा, पाण्याचा खारेपणा या बाबतींत रोहित कमालीचा सोशिक आहे, हे मी लिहिले आणि आजही तेच म्हणतो. पण पाण्याची खोली आणि त्या पाण्यातले खाद्य या बाबतींत तो तितकाच हटवादी आहे. लेखाचे दोन भाग एकमेकांच्या विरोधात नाहीत, ते एकाच पक्ष्याच्या दोन बाजू सांगतात.

थंडीचीच गोष्ट घेऊ, कारण तिथे पुरावा फार बोलका आहे. १९८८ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातील एका पक्षिसंग्रहालयातून चिली देशाकडच्या जातीचा एक रोहित निसटला. स्थानिकांनी त्याला एका प्रसिद्ध रॉक बँडवरून पिंक फ्लॉइड असे गमतीचे नाव दिले, आणि तो २००५ पर्यंत हिवाळ्यामागून हिवाळा तिथल्या ग्रेट सॉल्ट लेकवर एकटाच दिसत राहिला. तिथे बर्फ पडतो, पारा शून्याखाली उतरतो, पण सरोवर इतके खारट आहे की ते सहसा गोठत नाही आणि त्यात मिठागरी कोळंबीसारखे बारीक जीव विपुल असतात. आता याच्या शेजारी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कामार्ग प्रदेशातली जानेवारी १९८५ ठेवून पाहा. मोठा रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो) या जातीची ती युरोपातली नावाजलेली वसाहत, पण त्या वर्षीच्या कडाक्यात तिथली उथळ सरोवरे गोठली आणि सुमारे ३००० पक्षी मेले. थंडी दोन्हीकडे होती. एकीकडे चोचीखाली न गोठलेले पाणी आणि त्यात अन्न होते, दुसरीकडे अन्नावर बर्फाचे झाकण बसले होते. कझाकस्तानातल्या तेंगिझ सरोवरावर वीण करणारे मोठे रोहित हिवाळ्यापूर्वी दक्षिणेला निघून जातात, कारण ते सरोवर गोठते. बोलिव्हियात चार हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या लागुना कोलोरादा सरोवरावर राहणारे ‘जेम्सचे रोहित’ या जातीचे पक्षी गोठलेल्या रात्री काढू शकतात, त्यात उष्ण झऱ्यांमुळे मोकळ्या राहणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आहे.

पाण्याशी असलेले हे बंधन कुठून येते, ते चोच जवळून पाहिल्यावर कळते. रोहित डोके उलटे करून खातो, त्यामुळे त्याची वरची चोच खाली आणि खालची वर जाते. बहुतेक पक्ष्यांत वरचा जबडा जवळजवळ स्थिर असतो, रोहितात तो चांगला हलता असतो, आणि खालची चोच खोल द्रोणासारखी असते. तिच्यात मांसल जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, दर सेकंदाला अनेकदा पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते, आणि चोचीच्या कडांवरच्या झालरींत खाद्य अडकून राहते. मोठ्या रोहिताची झालर जाड असल्यामुळे त्याला कोळंबी, किड्यांच्या अळ्या, बिया असे काही चालते. छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) या जातीची झालर इतकी बारीक असते की तो मुख्यतः सूक्ष्म शैवालावरच जगतो. आफ्रिकेच्या सोडा सरोवरांत हे अन्न म्हणजे ज्याच्या गोळ्या आपण औषधांच्या दुकानात ‘स्पिरुलिना’ म्हणून विकत घेतो त्याच जातकुळीचे नीलहरित शैवाल. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असे दिसले की, चिलीचा रोहित पाण्यात पाय नाचवून, डोके झटक्यात वर ओढून आणि चोच थरथरवून बारीक भोवरे तयार करतो आणि तळातले जीव त्या भोवऱ्यांत कोंडून टिपतो. इतकी नाजूक यंत्रणा प्रामुख्याने उथळ पाण्यातच चालते. मोठा रोहित वेळप्रसंगी पोहत, मान बुडवून थोडे खोल खाऊ शकतो, छोटा मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागाजवळचेच खाद्य टिपतो.

खारेपणाचे त्याला काही वाटत नाही, कारण जादा मीठ डोक्यातल्या ग्रंथींमधून नाकपुड्यांवाटे बाहेर टाकण्याची सोय त्याच्याजवळ आहे. टांझानियातल्या नॅट्रॉन सरोवराचे पाणी माणसाची कातडी भाजून काढेल इतके क्षारयुक्त असते, आणि पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या रोहितांची वीण प्रामुख्याने तिथेच होते, कारण त्या चिखलातून शिकारी प्राणी घरट्यांपर्यंत पोहोचू शकत नाहीत.

तेव्हा ‘दुसरी जागा शोधतील’ या आपल्या म्हणण्याकडे येतो. ते शोधतात, हे खरेच आहे. १९६२ साली नॅट्रॉनला पुराचे पाणी भरले, तेव्हा रोहितांनी केनियातल्या मगादी सरोवरावर वीण केली. परंतु तिथल्या पाण्यातला सोडा पिल्लांच्या पायांभोवती साचून कडक होऊ लागला आणि त्यांच्या घोट्यांवर जड कडी तयार झाली. पिल्ले चालू शकेनात. माणसांनी चिखलात उतरून हजारो पिल्लांच्या पायांतली ती कडी हलक्या हाताने फोडली आणि त्यांना सोडवले. नवी जागा मिळाली होती, पण ती पिल्लांना मानवली नाही. रोहिताची मादी एका विणीत एकच अंडे घालते, आणि परिस्थिती अनुकूल नसेल त्या वर्षी वसाहत वीणच करत नाही. आपल्या कच्छच्या रणातही पावसाचे पाणी साठले, टिकले आणि योग्य खोलीचे राहिले तरच मातीची घरटी उभी राहतात. हा पक्षी दीर्घायुषी आहे (ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड प्राणिसंग्रहालयातला एक मोठा रोहित २०१४ मध्ये गेला तेव्हा ऐंशी पार केलेला होता), म्हणून काही विणी वाया गेल्या तरी थवा लगेच रोडावलेला दिसत नाही. ‘पक्षी तर दिसताहेत की’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा ठरतो.

केनियाकडून अलीकडे आलेली बातमी तर आपल्या आक्षेपाला थेट भिडते. तिथल्या नाकुरू, एल्मेंटाइटा, बोगोरिया या सरोवरांची पातळी गेल्या काही वर्षांत वाढली आहे. १९९९ ते २०२२ या काळातल्या उपग्रह-नोंदींवर आधारलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, पाणी वाढल्याने क्षार पातळ झाले आणि छोट्या रोहितांचे खाद्य असलेले शैवाल घटले. दुष्काळाने नव्हे, अधिक पाण्याने अन्न कमी झाले. ज्या पक्ष्याला आपण कुठेही राहणारा म्हणतो, त्याचे ताट असे पाण्यातल्या फरकाने बिघडते.

आता आपल्या खाडीकडे वळू. सांडपाण्याबद्दलचे आपले निरीक्षण मला मान्य आहे. नव्वदच्या दशकापासून शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलावर छोटे रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि साचलेला गाळ व सांडपाण्यातली पोषक द्रव्ये यांमुळे वाढलेले शैवाल हे त्यामागचे एक कारण मानले जाते. पण त्यावरून प्रदूषण हितकारक ठरत नाही, कारण तेच पाणी कारखान्यांची रसायनेही घेऊन येते. आणि अन्न असले तरी ते सतत हाताशी नसते, याकडे आपल्या प्रतिक्रियेत लक्षच गेलेले नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखल भरतीला पाण्याखाली जातो, मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते, आणि छोट्या रोहिताची उंची मीटरभरही नाही. दिवसातून दोनदा त्याला उठून जावेच लागते. भांडुप पंपिंग स्टेशनजवळची तळी, नवी मुंबईतल्या सीवूड्स परिसरातली एनआरआय आणि डीपीएस तळी (शेजारच्या निवासी संकुलाच्या आणि शाळेच्या नावांनी ओळखली जाणारी) ही त्याची भरतीच्या वेळी थांबण्याची ठिकाणे आहेत. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, पण सीवूड्सची तळी त्या अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. म्हणजे पक्ष्याचे ताट राखले आणि बसायचा पाट मात्र ओढून घेतला, असा हा प्रकार आहे. अशा वेळी जवळपास पाट न मिळालेला पक्षी लगेच गुजरातला जात नाही, तो अंधारात शहरावर घिरट्या घालतो, लांब उडतो आणि कमावलेली ऊर्जा खर्च करतो. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने सुमारे ४० रोहित मेले. त्या अपघाताचे खापर एखाद्या विशिष्ट तळ्यावर फोडणे घाईचे होईल, पण शहरावरून होणारे त्यांचे येणेजाणे किती जोखमीचे आहे, हे त्यातून दिसले.

उजनीचे उदाहरण आपल्या बाजूचे आहे असे आपल्याला वाटू शकेल, म्हणून तेही सांगतो. भिगवणजवळ धरणाच्या गोड्या पाण्याच्या फुगवट्यावर मोठे रोहित येतात, मिठाशिवाय त्यांचे अडत नाही. पण ते येतात ते पाणी ओसरून काठचा चिखल उघडा पडू लागल्यावर. धरण उशिरापर्यंत तुडुंब राहिले की त्यांना उतरायला उथळ जागाच उरत नाही.

एका पायाचा मुद्दा झटपट संपवतो. थंडीत हे पक्षी अधिक वेळ एका पायावर उभे राहतात, असे निरीक्षण आहे. परंतु २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मेलेल्या रोहितांची शरीरे उभी करून पाहिली, तेव्हा ती एका पायावर स्नायूंच्या जोराशिवाय स्थिर राहिली आणि दोन पायांवर राहिली नाहीत. सांध्यांची आणि वजनाची ठेवणच अशी आहे की, एका पायावर उभे राहण्यात त्याला श्रम पडत नाहीत. मे महिन्यात त्याला थंडी वाजत नाही, तो विश्रांती घेतो.

शेवटी आपण विचारले आहे की, मग मी मागतो आहे तरी काय. बांधकाम थांबवा, असे माझ्या लेखात कुठेही नाही. तळे संपवायला त्यावर भराव टाकावा लागतोच असे नाही, भरतीचे पाणी आत येण्याची वाट अडवली तरी काही महिन्यांत ते कोरडे पडते किंवा शेवाळून जाते. डीपीएस तळ्याचा वाद बराचसा याच वाटांभोवती फिरत राहिला. रस्ता, जेट्टी किंवा संकुल यांचे आराखडे मंजूर होताना पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे त्यांत दाखवलेले असावे, आणि पाण्याच्या या वाटांवरच्या मोऱ्या बांधकामानंतरही उघड्या आहेत का याची तपासणी दर उधाणाला व्हावी, एवढेच मी मागितले होते.