ऑस्कर मिळेल असं रडा

पुढच्या जन्मी कोण व्हायचं हे आपल्या हातात नसतं, पण तयारी असलेली बरी. समजा, चित्रगुप्ताच्या वहीत काही घोळ झाला आणि तुम्ही अमेरिकेत एका कृष्णवर्णीय घरात जन्माला आलात. वर अभिनयही अंगात आला; साधासुधा नव्हे, नुसती मान वळवलीत तरी बघणाऱ्याच्या घशात आवंढा यावा असा. आता तुम्हाला वाटेल, झालं, हॉलिवूड आपलंच. जरा दमानं घ्या. काळ्या नटाला नुसता अभिनय येऊन भागत नाही. तो कशाचा करायचा, किती करायचा आणि कुठे आवरता घ्यायचा हेही कळावं लागतं. त्यासाठी हा फुकटचा सल्ला. जन्म मिळेपर्यंत जपून ठेवा.

सगळ्यात आधी भूमिकेचं बघू. मोलकरणीची मिळाली तर डोळे मिटून घ्या. हॅटी मॅकडॅनियलनं तेच केलं. वडील गुलामगिरीत जन्मलेले, स्वतः पोटासाठी लोकांघरची कामं केलेली, त्यामुळे भूमिकेचा अभ्यास आयताच झालेला. ‘गॉन विथ द विंड’मधली मॅमी तिनं झकास उभी केली. डिसेंबर १९३९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, शहरात जत्रा लोटली आणि हॅटी तिथं नव्हती. काळ्यांनी गोऱ्यांच्या शेजारी बसून सिनेमा बघणं जॉर्जियाच्या कायद्यात बसत नव्हतं. पडद्यावर दिसायला मात्र कायद्याची हरकत नव्हती.

२९ फेब्रुवारी १९४० ला लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. हॉटेलात काळ्यांना मज्जाव होता. निर्माता डेव्हिड सेल्झनिकनं शब्द टाकला म्हणून तिला आत घेतलं. चित्रपटातले बाकीचे कलाकार एकत्र आणि हिचा पाट वेगळा, भिंतीकडेला. पंगत तीच, वाढपीही तेच, फक्त पाट लांब. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ही सोय समजावून सांगायला नको. भाषणात ती म्हणाली की आपण आपल्या वंशाला आणि या धंद्याला भूषण ठरू अशी आशा आहे. हे पाठ करून ठेवा. गोरी नटी आईचे, नवऱ्याचे आणि केस करून देणाऱ्या बाईचे आभार मानते आणि मोकळी होते. तुम्हाला अख्खा वंश खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या आहेत, तेव्हा पायात उंच टाचा नकोत.

१९५२ मध्ये ती गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत जागा मिळावी ही तिची इच्छा होती, पण ती दफनभूमीही फक्त गोऱ्यांची. सहायक कलाकारांना तेव्हा ऑस्करची बाहुली मिळत नसे, नुसती पाटी मिळे. ती पाटी तिनं हॉवर्ड विद्यापीठाला दिली आणि तिथून ती कधी गायब झाली याचा पत्ता लागला नाही. २०२३ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं दुसरी करून दिली. म्हणून सांगतो, पुरस्कार मिळाला की आधी झेरॉक्स काढा.

हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणेल. अगदी बरोबर. २०१२ मध्ये ऑक्टेव्हिया स्पेन्सरला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं ते ‘द हेल्प’मधल्या मोलकरणीसाठी आणि त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या मोलकरणीसाठी व्हायोला डेव्हिसला थेट मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. ७२ वर्षांत मोलकरीण सहायकपदावरून मुख्यपदाच्या उंबऱ्यापर्यंत पोचली. सरकारी खात्यात याहून लवकर बढती होते, पण तक्रार करू नये. २०१८ मध्ये डेव्हिसबाईंनी केली. गोष्ट मोलकरणींची, पण मोलकरणींचा आवाजच शेवटी ऐकू आला नाही, म्हणून ती भूमिका केल्याची खंत वाटते असं त्या म्हणाल्या. खंत करायला कोणाची ना नाही, फक्त मतदान उरकल्यावर करावी.

मोलकरीण नसेल तर गुलाम चालेल. इथं मात्र मार खावा लागतो. डेन्झेल वॉशिंग्टनचं ‘ग्लोरी’ बघा. यादवी युद्धातला काळा शिपाई. पायात धड बूट नाहीत, ते शोधायला छावणीबाहेर जातो आणि पळपुटा ठरून फटक्यांची शिक्षा खातो. शर्ट उतरवला तर पाठीवर जुन्या वळांची जाळी आधीच आहे. फटके बसत असतात आणि हा गडी ओरडत नाही, समोर उभ्या गोऱ्या कर्नलवरची नजर काढत नाही. मग डोळ्यातून एक थेंब निघून गालावर ओघळतो. तेवढाच. चेहरा तसाच्या तसा दगडी. त्या वर्षीचं सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्याला मिळालं. दोन थेंब काढले असते तर काय झालं असतं ते परीक्षकांनाच ठाऊक. लुपिता न्योंगोनं तर पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटात, ‘१२ इयर्स अ स्लेव्ह’मध्ये, साबणाच्या एका वडीसाठी जीव तोडला. दिवसाला पाचशे पौंड कापूस वेचते, कुठल्याही गड्यापेक्षा जास्त, मग अंगाला येणारी घाण धुवायला साबण का नको, एवढंच तिचं म्हणणं. त्या म्हणण्यावर ती फटके खाते आणि बघणाऱ्याला जागेवरून उठवत नाही. तिलाही सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. घरातून निघताना साबण घेऊन निघा, हे वेगळं सांगत नाही.

आता खुद्द रडण्याविषयी, कारण खरी कला तिथं आहे. आपल्या पडद्यावर बाई रडते तेव्हा ग्लिसरिनचे दोन टपोरे थेंब काजळाच्या रेषेवर येऊन थांबतात आणि नाक कोरडं ठणठणीत राहतं. हे तिथं चालत नाही. नाक वाहिलं पाहिजे. या विषयातलं शेवटचं प्रमाण म्हणजे ‘डाउट’ (२००८) मधल्या व्हायोला डेव्हिस. वर्ष १९६४, ब्रॉन्क्समधली कॅथलिक शाळा, शाळेतला पहिला काळा मुलगा आणि त्याची आई. मुख्याध्यापिका मेरिल स्ट्रीप तिला सांगते की इथल्या फादरचा तुझ्या मुलाशी गैरप्रकार चालू असल्याचा मला संशय आहे. दोघी बाहेर थंडीत चालताहेत. आपल्याला वाटतं, आई आता उसळेल. ही आई हिशेब मांडते. घरी बाप याच मुलाला मारतो. आधीच्या शाळेत पोरं त्याला जिवंत सोडती ना. इथं कोणीतरी एक माणूस त्याच्याशी प्रेमानं वागतो; त्या प्रेमात काय मिसळलंय ते तिला कळत नाही असं नाही, पण जूनपर्यंतच तर काढायचं आहे, मग मुलगा पास होऊन चांगल्या हायस्कुलात जाईल. बोलता बोलता डोळे भरतात, नाक ओठावर येतं आणि ते पुसायची तिला घाई नाही, कारण ती रडायला आलेलीच नाही, कामावरून मधल्या वेळात आली आहे आणि परत कामावर जायचं आहे. इतका अवघड हिशेब मांडणाऱ्या आईला चूक म्हणायची छाती आपल्याला होत नाही. सगळं मिळून आठेक मिनिटं. समोर स्ट्रीप उभी असून तुम्हाला आठवते ती हीच. या आठ मिनिटांवर नामांकन आलं. इथं माझा सल्ला संपतो आणि मी गप बसून पुन्हा एकदा तो प्रसंग बघतो.

असो. आता काय करू नये ते सांगतो. ताठ उभं राहू नये.

सिडनी पॉइटियरचं उदाहरण घ्या. १९६४ मध्ये मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर जिंकणारा हा पहिला काळा पुरुष. कशासाठी जिंकला? ‘लिलीज ऑफ द फील्ड’मध्ये वाळवंटातून चाललेला एक सुतारकाम जाणणारा तरुण काही जोगिणींना त्यांचं प्रार्थनाघर बांधून देतो. मजुरी मागतो, पण मिळत नाही आणि तरीही बांधून देतो. फुकट, हसतमुख आणि वर त्यांना गाणं शिकवून. यापेक्षा सोज्वळ काळा माणूस परीक्षकांना कुठून मिळायचा?

मग १९६७ साल उजाडलं आणि पॉइटियरची मती फिरली. ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये तो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी टिब्ज आहे, मिसिसिपीत खुनाचा तपास करतोय. (चित्रीकरण बरंचसं इलिनॉयमधल्या गावात केलं, कारण खऱ्या मिसिसिपीत जायला पॉइटियर राजी नव्हता, भूमिकेत जीव ओतावा, घालवू नये.) काचघरात ऑर्किड जोपासणारा एक गोरा जमीनदार त्याला चौकशीचा राग येऊन थोबाडीत मारतो. टिब्ज क्षणाचाही वेळ न घालवता उलट थोबाडीत देतो. तिथल्या तिथं, सणसणीत. अमेरिकेतल्या थिएटरांत असं कोणी पाहिलं नव्हतं. त्याच वर्षी ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ही आला. काळ्यांचा नेता मार्टिन ल्यूथर किंग याच्या हत्येमुळे त्या वर्षीच्या चित्रपटांचा ऑस्कर सोहळा दोन दिवस पुढं ढकलला होता. शोक अगदी रीतसर झाला. मग ‘हीट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, त्यातल्या गोऱ्या पोलीसप्रमुखाला, रॉड स्टायगरला, मुख्य अभिनेत्याचं मिळालं आणि ‘डिनर’साठी कॅथरीन हेपबर्नला मुख्य अभिनेत्रीचं मिळालं. दोन्ही चित्रपटांत मधोमध उभा असलेल्या पॉइटियरला नामांकनसुद्धा नाही. रडला असता एखादवेळी, तर जमलं असतं.

त्याच्या दोन वर्षं आधी लॉरेन्स ऑलिव्हिएला ‘ऑथेल्लो’साठी मुख्य अभिनेत्याचं नामांकन मिळालं होतं, अंगभर काळा रंग फासून. म्हणजे काळा माणूस उत्तम वठवायला काळं असण्याची अट नाही, हेही ध्यानात असू द्या. ऑथेल्लोचा आपल्या देवलांनी ‘झुंजारराव’ केला, त्यामुळे ही भूमिका किती पोटात घुसते ते मराठी माणसाला माहीत आहे. न्यूयॉर्कात जन्मलेल्या काळ्या आयरा ऑल्ड्रिजला ती करायची तर देश सोडावा लागला. १८३३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला उभा राहिला, तिथल्या वृत्तपत्रांनी झोडपला, मग युरोपभर आणि रशियात नाव काढलं आणि दौऱ्यावर असतानाच पोलंडमध्ये गेला. अमेरिकेतला काळा होण्याऐवजी लंडनमधला काळा होता आलं तर बघा. हल्ली अमेरिकेच्या काळ्या इतिहासातल्या चांगल्या भूमिका तिकडच्यांनाच मिळतात असं दिसतं. चिवेटेल एजिओफोर लंडनचा, डॅनियल कलूया लंडनचा, किंगची भूमिका करणारा डेव्हिड ओयेलोवो ऑक्सफर्डचा.

ओयेलोवोला ‘सेल्मा’साठी नामांकन मिळालं नाही. त्या वर्षी, २०१५ मध्ये, अभिनयाच्या वीसच्या वीस जागा गोऱ्यांना गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा वीसच्या वीस. ओरड झाली. लोकांना उगाच धक्का बसला. मतदार कोण आहेत हे लॉस एंजेलिस टाइम्सनं २०१२ मध्येच मोजून छापलं होतं. सुमारे ९४ टक्के गोरे, ७७ टक्के पुरुष. परीक्षेला बसण्याआधी पेपर कोण तपासणार हे विचारून घ्यावं, एवढंच त्यातून घ्यायचं.

डेन्झेलनं ‘माल्कम एक्स’ केला तेव्हा विचारलं नसावं. हक्कासाठी ताठ मानेनं बोलणारा नेता, तीन तासांहून मोठा चित्रपट, क्षणभरही पकड सुटत नाही. बक्षीस अल पचिनोला. मग डेन्झेल शहाणा झाला आणि ‘ट्रेनिंग डे’मध्ये लाचखाऊ, खुनशी पोलीस झाला. लगेच मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर. पॉइटियरनंतर ३८ वर्षांनी. त्याच रात्री २००२ मध्ये हॅली बेरी मुख्य अभिनेत्रीचं जिंकणारी पहिली काळी बाई ठरली, हुंदके देत म्हणाली की आज दार उघडलं. पुढं वीस वर्षं उलटली तरी त्या दारातून दुसरी कोणी आत आलेली नव्हती. वाऱ्यानं लागलं असेल.

मुख्य भूमिकेचा आग्रहही धरू नका. ‘ज्यूडास अँड द ब्लॅक मसायाह’ हा एका नेत्याचा आणि त्याचा घात करणाऱ्याचा चित्रपट. २०२१ मध्ये नेता झालेल्या कलूयाला सहायक अभिनेत्याचं नामांकन आणि घात करणाऱ्या लाकिथ स्टॅनफिल्डलाही सहायक अभिनेत्याचंच. दोघंही सहायक. मग चित्रपटाचा नायक कोण, हे शोधायला मी दोनदा बसलो. मला तरी तिसरा कोणी दिसला नाही. ऑस्कर कलूयाला मिळालं.

त्याच सोहळ्यात चॅडविक बोसमनचं नाव मुख्य अभिनेत्याच्या यादीत होतं. आतड्याच्या कर्करोगाची वाच्यता न करता त्यानं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’मध्ये तुतारीवाला लीव्ही केला, देवाला आव्हान देत चाकू आभाळाकडे रोखला आणि चित्रपट यायच्या आधी ४३ व्या वर्षी गेला. संयोजकांनी वर्षानुवर्षांचा क्रम मोडून मुख्य अभिनेत्याचं बक्षीस अगदी शेवटी ठेवलं. सगळे रुमाल काढून बसले. पाकिटातून नाव निघालं अँथनी हॉपकिन्सचं. ते तर आलेही नव्हते, वेल्समध्ये होते. भाषण नाही, काही नाही, कार्यक्रम संपला. हॉपकिन्स उत्तमच होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी बोसमनला मान दिलाही. पण तुम्ही मरणाच्या भरवशावर राहू नका.

राहता राहिली चपराक. ती पॉइटियरनं पडद्यावर मारली, हीच चूक. २७ मार्च २०२२ ला विल स्मिथनं सोहळ्यातच मंचावर चढून विनोदी नट ख्रिस रॉकच्या थोबाडीत दिली, खाली येऊन जागेवर बसला आणि तास व्हायच्या आत ‘किंग रिचर्ड’साठी मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर घ्यायला पुन्हा मंचावर गेला. तिथं तो रडला, भरपूर रडला, अकादमीची माफी मागितली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पुढं अकादमीनं त्याला दहा वर्षं आपल्या कार्यक्रमांना यायची बंदी घातली. बाहुली परत मागितली नाही.