आसनं हवीतच, पण योग्य वेळी

नागपुरातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: निघण्याआधी पंधरा मिनिटं पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं) करा, गुडघा दुखला तर वज्रासनात बसा, उन्हात शीतली (जीभ नळीसारखी दुमडून तोंडाने श्वास ओढणं) केली की पाणी कमी लागतं. योग असला की लांब पल्ल्याला दुसरं काही नको, असा त्याचा सूर. आसनांचा उपयोग खरा आहे, म्हणूनच हा मेसेज तसाच सोडून देता येत नाही.

आधी पाण्याचं, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. शीतलीत ओढलेल्या हवेने जीभ गार होते. अंगातली उष्णता मात्र घामच बाहेर काढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी असते, घाम दिसायच्या आतच उडतो. जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले, की पाणी किती गेलं ते समजा. राइडच्या आधी आणि नंतर वजन करा: 1 किलो घटलं म्हणजे साधारण 1 लिटर पाणी कमी पडलं. ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट 750 मिलीच्या बाटलीत पूर्ण ओतू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं.

निघण्याआधी पश्चिमोत्तानासन? एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, की त्याची ताकद काही वेळ कमी होते. त्याऐवजी सूर्यनमस्काराच्या 4-5 सावकाश फेऱ्या घाला आणि पहिले 10 मिनिटं हलक्या गिअरवर चालवा.

रामटेकला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. तेवढा वेळ कंबर पुढेच वाकलेली असते. घरी येऊन तिला पुन्हा पुढेच का वाकवायचं? मांडीचा पुढचा भाग आणि छाती उघडा. अश्वसंचालनासनात (एक पाय पुढे, दुसरा मागे, मागचा गुडघा जमिनीवर) मागच्या गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवा, माकडहाड आत घ्या, प्रत्येक बाजूला 45 सेकंद थांबा. माकडहाड सुटलं की ताण मांडीऐवजी कंबरेत जातो. बहुतेकांचं इथेच चुकतं. मग कोपरं जमिनीवर टेकवून भुजंगासन, त्यानंतर सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं). मांडीच्या मागच्या बाजूसाठी पाठीवर झोपून सुप्त पादांगुष्ठासन करा, म्हणजे तळव्याला पट्टा अडकवून एक पाय सरळ वर ओढा. पट्टा म्हणून पायाला सायकलची जुनी ट्यूब लावू नका, ती ताणली जाते. उन्हात तोंडाला बांधतो तो दुपट्टा चालतो.

गुडघ्याच्या वाटीपाशी दुखत असेल तर वज्रासन नकोच, पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात वाटीवर दाब वाढतो. अशा दुखण्यात बरेचदा सीट खाली असते. टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या: पाय सरळ झाला पाहिजे. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) टेपची खूण करून एका वेळी 3-5 मिलिमीटरच बदला. फार वर गेली तर कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्यामागे दुखू लागतं.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल, तर ती तळहाताच्या कडेला दबलेली नस. त्यावर आसन नाही. सीटचं टोक खाली झुकलं असेल तर वजन हातांवर येतं, ते आधी सपाट करा.