नेमकी कोणती दाढ?

दंतवैद्याच्या खुर्चीत आडवे झाल्यावर येणारा पहिला प्रश्न वरवर फार सोपा वाटतो: ‘नेमकी कोणती दाढ दुखते?’ दाढ माझी, ठणका माझा, रात्रभर येरझाऱ्या घालणाराही मीच. तेव्हा मी पूर्ण आत्मविश्वासाने वरच्या डाव्या दाढेवर बोट ठेवले. डॉक्टरांनी माझे म्हणणे आदराने ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले.

मग चौकशी सुरू झाली. गाराने ठणकते की गरमाने? आडवे झाल्यावर वाढते का? कळ लगेच जाते की रेंगाळते? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण गारव्याची कळ क्षणात ओसरली तर आतली नस बहुधा वाचण्याजोगी असते, आणि रेंगाळली तर तिची आशा सहसा सोडावी लागते; परंतु असले नाजूक प्रश्न तोंडात आरसा घातल्यावरच का विचारायचे, हे मला आजवर उमगलेले नाही. मी ‘आँ’ म्हणालो. त्यांनी ‘रेंगाळते’ असे लिहून घेतले आणि तेच खरे होते.

त्यानंतर, बाजारात माठ वाजवून घ्यावा तशी त्यांनी आरशाच्या दांड्याने एकेक दाढ वाजवली. माझी आरोपी दाढ हूं की चूं करीना. अतिथंड फवारा मारलेला कापसाचा बोळा लावला, तरी तिला क्षणभर गार लागले, इतकेच. तोच बोळा खालच्या दाढेला टेकताच मी खुर्चीतून वीतभर उठलो आणि बोळा काढल्यावरही ती कळ जाईना. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले त्याला क्रूरपणा म्हणणे बरे नव्हे. ‘थ्री सिक्स,’ ते सहायिकेला म्हणाले. खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचा क्रमांक ३६ असतो. आमच्या दोघांतला आकडाही तेव्हापासून तोच आहे.

दाताच्या नसेला दुखणे कळते, पण पत्ता सांगता येत नाही, असे त्यांनी समजावले. वरच्या आणि खालच्या जबड्याच्या संवेदना एकाच मोठ्या नसेवाटे मेंदूकडे जात असल्याने खालची कळ वर जाणवू शकते. डावीकडची उजवीकडे मात्र सहसा जात नाही. एक्स-रेमध्ये जुन्या चांदीखालची कीड नसेपर्यंत पोचलेली दिसली. तरीही खात्री म्हणून त्यांनी खालीच भुलीचे इंजेक्शन दिले, आणि वरचा ठणका थांबला.

ज्या दाढेशी मी रात्र-रात्र लवंगतेलाचा बोळा धरून बसत होतो, ती डॉक्टरांच्या मते माझ्या तोंडातली सर्वांत ठणठणीत दाढ आहे.