‘फायलींची प्रत ठेवतो’ एवढे लिहायला काय जाते?

नारायण पेठेत आमचे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईसाठी पाने जुळवण्याचे, लहानसे कार्यालय आहे आणि गणपतीच्या आधीपासून तिथे दिवाळी अंकांची घाई सुरू होते. यंदा एका अंकाची जुळवून झालेली ११२ पाने ज्या फोल्डरमध्ये होती, तो फोल्डर ऑपरेटरच्या हातून चुकून पुसला गेला. मी त्याला एका शब्दानेही बोललो नाही, कारण अशाच चुकांसाठी फायलींची प्रत ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमचे आपण वर्षाला १८,००० रुपये मोजतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम ज्या दुसऱ्या संगणकावर फायली उतरवतो तिथे जाऊन पाहिले, तेव्हा तिथलाही फोल्डर नाहीसा झालेला होता. प्रोग्रॅमच्या कंपनीला फोन केल्यावर पलीकडच्या मुलाने अगदी शांतपणे सांगितले, “सर, हा बॅकअप नाही, हे रिअल-टाइम सिंक आहे. इथे डिलीट केले की तिथेही डिलीट होते.”

हे वाक्य मला विकत घेण्याच्या दिवशी ऐकायला हवे होते. त्या दिवशी मला आठ पानी गुळगुळीत माहितीपत्रक मिळाले होते, ते आता मी पुन्हा ओळ न् ओळ वाचले आहे. त्यात ‘एंड-टू-एंड डेटा रेझिलियन्स प्लॅटफॉर्म’ आहे, ‘सीमलेस बिझनेस कंटिन्युइटी’ आहे, शिवाय मराठी ग्राहकांसाठी म्हणून ‘आपल्या व्यवसायाचा डेटा-प्रवास सक्षम करा’ असेही छापले आहे. डेटा कुठून निघतो, कुठे पोहोचतो, किती दिवस राहतो आणि पुसल्यावर त्याचे काय होते, याबद्दल आठ पानांत एक अक्षर नाही. ‘प्रत’, ‘नक्कल’ किंवा ‘कॉपी’ हा शब्द एकदाही आलेला नाही. कोण काय करतो हेच ज्यातून कळत नाही, असे वाक्य एखाद्या लेखकाने लिहून दिले असते तर मी ते प्रुफावर खूण करून परत पाठवले असते. हेच वाक्य कंपनीने रंगीत कागदावर छापले, तेव्हा मात्र मी त्याखाली सही केली. याचा राग मला अजून आवरत नाही.

हेच काम करणारी साधने जुनी आहेत, पुष्कळदा फुकटही आहेत, आणि त्यांची भाषा स्वच्छ आहे. आरसिंक हा प्रोग्रॅम अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. फायलींची प्रत दुसरीकडे उतरवणारे साधन, अशी ओळख तो पहिल्याच ओळीत करून देतो. मूळ ठिकाणी पुसलेली फाइल तो दुसरीकडूनही पुसतो, पण तसे स्वतंत्रपणे सांगितले तरच, आणि त्या पर्यायापाशी त्याच्या माहितीपुस्तिकेत हा पर्याय चुकीचा वापरल्यास धोक्याचा आहे, आधी चाचणी घेऊन पाहा, असा इशारा दिलेला आहे. माझी ११२ पाने वाचवणारी माहिती नेमकी हीच होती. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या पुस्तिकांमध्ये पहिल्यापासून प्रत्येक आज्ञेच्या नावापुढे तिचे काम एका ओळीत लिहिण्याची पद्धत आहे, आणि त्या ओळीमुळे कोणाचा धंदा बुडाल्याचे मी ऐकलेले नाही.

आता मात्र साध्यातल्या साध्या वस्तूला तिच्या नावाने हाक मारायची जणू बंदीच आहे. दोन पीडीएफ जोडणारा प्रोग्रॅम ‘डॉक्युमेंट वर्कफ्लो सोल्यूशन’ होतो आणि ठरलेल्या वेळी आठवण करून देणारा गजर ‘प्रॉडक्टिव्हिटी इकोसिस्टीम’ होतो. अप्पा बळवंत चौकात मी लहानपणापासून वह्या घेत आलो आहे. तिथला दुकानदार एकरेघी, दुरेघी की चौकटीची, शंभर पानी की दोनशे पानी, एवढेच विचारतो आणि मुलाला हवी ती वही मिळते. पंधरा रुपयांच्या वहीबद्दल जेवढी स्पष्ट माहिती मिळते, तेवढी १८,००० रुपयांच्या प्रोग्रॅमबद्दल मिळू नये, हे मला मुळीच मान्य नाही. ही भाषा निष्पाप नाही. ‘प्रत ठेवतो’ असे लिहिले की किती दिवस ठेवता, हा प्रश्न ग्राहक विचारणारच. ‘रेझिलियन्स’ लिहिले की काय विचारावे हेच त्याला सुचत नाही, आणि जबाबदारी अंगावर येत नाही.

संपादकांकडे ६४ पानांचे कागदी प्रूफ शिल्लक होते, म्हणून तेवढी पाने त्यावरून पुन्हा जुळवता आली. उरलेल्या ४८ पानांसाठी लेखकांना फोन करून मजकूर नव्याने मागवावा लागला, आणि दोन्ही ऑपरेटर रात्री अकरापर्यंत बसत आहेत. अशातच त्या कंपनीचे नूतनीकरणाचे पत्र आले. दोन दिवसांपूर्वी पुसलेली फाइल तुमच्याकडून परत मिळते का, हो की नाही, एवढाच प्रश्न मी मराठीत लिहून पाठवला. त्यावर ‘डिस्कव्हरी कॉल’साठी, म्हणजे फोनवर बोलण्यासाठी, कोणती वेळ सोयीची आहे, अशी विचारणा आली. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही भरणार नाही, असे मी त्यांना कळवले आहे.