ठराव झाला, दार वाजलंच नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून गेल्या महिन्यात आत्तेभाऊ बाहेर पडला. विषय विधवा प्रथांचा. तो पुण्यात चळवळीत आहे, नोकरी सांभाळून सगळे रविवार त्यात घालतो, त्याच्या तळमळीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्याचं म्हणणं, आता कायदाच पाहिजे आणि मोडणाऱ्याला शिक्षा. थोरल्या काकांचं म्हणणं, सरकारनं आमच्या देवघरात पाय ठेवायचं कारण नाही. भावानं काकांना मनुवादी ठरवलं, काकांनी त्याला 'लई शहाणा' म्हटलं, आणि आमच्या शिरोळकडच्या पट्ट्यात 'लई शहाणा' हे कौतुक नसतं. अर्ध्या तासात पन्नासेक मेसेज, मग 'ग्रुप सोडला' अशी ती करडी ओळ. धाकटी काकू, जिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, त्याच ग्रुपवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखं जास्वंदीचं चित्र आणि 'शुभ सकाळ' टाकलं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

२०१४ साली मी डब्लिनला आले. इथून घरच्या वादात तोंड घातलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'तुला तिथं बसून बोलायला काय जातंय?' खरंच काही जात नाही. आता तर पासपोर्टही आयरिश आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे गावच्या मतदारयादीतून माझं नाव गेलं. तरी बोलते, कारण ज्या देशात राहते तिथं बदलाच्या बाजूची माणसं जिंकताना पाहिली आणि तोंडावर आपटतानाही पाहिली. दोन्हींतून मला काकूकडेच यायचं आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, हे करायचं नाही. करोनात तरणीताठी माणसं गेली होती, त्यांच्या बायका गावानं पाहिल्या होत्या, त्या दुःखातून ते आलं होतं. राज्य सरकारनं १७ मेला परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेच करायला सांगितलं. तेरा दिवस. आणि मग ठरावांची रांग लागली. काकूच्या गावीही झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. हेरवाडला जे आतून आलं, ते पुढच्या गावांत वरून आलं, आणि माझं भांडण या फरकाशी आहे.

आता इथलं. आयर्लंडच्या राज्यघटनेत लोकांच्या मतदानाशिवाय अक्षरही बदलता येत नाही. त्यामुळे इथल्या सुधारकांना न्यायालय किंवा मंत्री गाठून भागत नाही, कधी ना कधी शेजारणीच्या दारात जावंच लागतं. १९८३ मध्ये ६६.९ टक्के लोकांनी गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी आठवी दुरुस्ती घटनेत घातली. त्याच दुरुस्तीच्या सावलीत २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सविता हलप्पनवार गेली. वय ३१, दाताची डॉक्टर, माहेर बेळगावचं. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे कळल्यावर तिनं गर्भपात मागितला, ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला, आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून ती गेली. मी इथं आले तेव्हा मला भेटणारा प्रत्येक आयरिश माणूस 'तू भारतातली का?' यानंतर दोन मिनिटांत तिचं नाव काढायचा. बेळगाव म्हणजे आमच्यापासून किती लांब हे मी त्यांना सांगत बसायचे.

२५ मे २०१८ ला ती दुरुस्ती काढून टाकायची की नाही यावर मतदान होतं. मला मत नव्हतं. सार्वमतात फक्त नागरिकांना मत असतं, माझ्यासारखीला तेव्हा नगरपालिकेपुरतंच. पण दारं वाजवायला नागरिकत्व लागत नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, येतेस का, आणि मी एप्रिलच्या एका थंड संध्याकाळी त्यांच्यामागे निघाले.

निघण्यापूर्वी टोळीप्रमुखानं दिलेल्या सूचना ऐकून मी गोंधळले. वाद घालायचा नाही. जो ठाम 'नाही' म्हणेल त्याला धन्यवाद म्हणून पुढं जायचं, त्याच्यावर संध्याकाळ घालवायची नाही. जो आपला आहे त्याच्या दारात गप्पा मारून खूश व्हायचं नाही. थांबायचं ते 'बघू, अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्यापाशी, आणि तिथंही जास्त बोलायचं त्यानं. मी आयुष्यभर जी चळवळ पाहिली ती नेमकी उलटी होती. आपण आपल्याच लोकांत भाषणं करतो, ठाम विरोधकाशी फेसबुकवर रात्र रात्र झुंजतो, आणि मधला जो कुंपणावर बसलाय त्याच्याकडे वळूनही बघत नाही.

एका दारात सत्तरीच्या बाई आल्या. हातात ताटं पुसायचं फडकं, मागं टीव्हीवर बातम्या. म्हणाल्या, मी रोज चर्चला जाते, मला यातलं सांगू नका. माझ्या शेजारणीनं फक्त विचारलं, "तुम्हाला यात सगळ्यात अवघड काय वाटतं?" बाई गप्प. मग फडक्याची घडी घालता घालता म्हणाल्या की त्यांच्या बहिणीला साठच्या दशकात रातोरात इंग्लंडला पाठवलं होतं, आणि घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. आम्ही सात-आठ मिनिटं उभ्या होतो, त्यांतली साडेसहा त्या बोलल्या. कसं मत देणार ते त्यांनी सांगितलं नाही, शेजारणीनं विचारलंही नाही. कागदावर त्या घरापुढं प्रश्नचिन्हच केलं आणि आम्ही पुढचं फाटक उघडलं.

निकाल लागला, ६६.४ टक्के बदलाच्या बाजूनं. पस्तीस वर्षांत देश जवळपास तेवढ्याच आकड्यानं उलटा फिरला. यावरून 'दारं वाजवली म्हणून जिंकलो' असं म्हणायचा मोह होतो, पण ते अर्धसत्य आहे. त्या रात्रीच्या एक्झिट पोलमध्ये बहुतेकांनी सांगितलं की आपलं मत प्रचाराच्या आधीच ठरलं होतं. म्हणजे काम त्या सहा आठवड्यांत झालं नव्हतं, कित्येक वर्षं स्वयंपाकघरांत झालं होतं. सरकारनंही मतदानाआधी चिठ्ठ्या काढल्यासारखे ९९ सामान्य नागरिक निवडले, सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना अध्यक्ष केलं आणि डब्लिनजवळच्या मॅलाहाइडच्या एका हॉटेलात पाच शनिवार-रविवार बसवून डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे लोक आणि स्वतः त्यातून गेलेल्या बायका ऐकायला लावल्या. त्या ९९ जणांनी राजकारण्यांच्या अंदाजापेक्षा पुढचा कौल दिला. घटस्फोटाला परवानगी देण्याचंही तसंच. १९८६ मध्ये प्रस्ताव ६३.५ टक्क्यांनी आपटला, १९९५ मध्ये सोळा लाखांहून अधिक मतांत जेमतेम ९,११४ च्या फरकानं तरला. हरल्यावर नऊ वर्षं कुणी लोकांना मागासलेले म्हणत बसलं असतं तर हे नऊ हजार आले नसते.

आणि मग २०२४. माझी नागरिक म्हणून पहिली मतपत्रिका, ८ मार्च, महिला दिनच. १९३७ च्या घटनेत बाईच्या घरातल्या कर्तव्यांबद्दल एक जुनाट कलम आहे, ते काढून कुटुंबाची व्याख्या रुंद करायची होती. जवळजवळ सगळे मोठे पक्ष बाजूनं. मी आनंदानं दोन्ही ठिकाणी 'हो'वर खूण केली. एक प्रस्ताव ६७.७ टक्क्यांनी पडला, दुसरा ७३.९ टक्क्यांनी. त्या हिवाळ्यात माझं दार एकदाही वाजलं नव्हतं. घरी आजारी आई-बाप किंवा अपंग मूल सांभाळणाऱ्यांनी विचारलं, सरकार आमच्यासाठी 'झटेल' असं लिहिलंय, झटेल म्हणजे नक्की काय देईल? उत्तर कुणाकडे नव्हतं. मीही ऑफिसात म्हणून गेले की महिला दिनी कोण 'नाही' म्हणणार. समोरची बाई म्हणाली, मी. ती गेली अकरा वर्षं स्वतःच्या आईला उचलून आंघोळ घालते. त्या दिवशी मला आमच्या ग्रुपवरचा आत्तेभाऊ माझ्यातच दिसला.

घरी हे सांगितलं की भाऊ म्हणतो, आयर्लंड पन्नास लाखांचा देश, एक धर्म, एक गोरा रंग, तिथं जात नाही, आमच्याकडं दार वाजवायला गेलं तर दार उघडेलच असं नाही. याचं उत्तर माझ्याकडं पूर्ण नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी दारंच वाजवली होती. वारकऱ्यांशी बोलले, आमदारांशी बोलले, मसुदा कितीदा बदलून घेतला, वर्षानुवर्षं समजावत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. वटहुकूम निघाला तो त्यानंतर काही दिवसांत, आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला डिसेंबरात. माझ्या शेजारणीला प्रचार करताना सगळ्यात मोठी भीती कुत्र्याची होती.

दुसरा आक्षेप त्याहून जड आहे. माणूसपण बहुमतावर कशाला टांगायचं? मुंबई विधिमंडळानं १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेनंही तो मान्य केला, आणि तरी चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी गावाचा कौल मागितला नाही. ते हजारो माणसं घेऊन गेले आणि पाणी प्यायले. उच्च न्यायालयातून हक्कावर शिक्कामोर्तब व्हायला १९३७ उजाडलं. हे वाचलेला माणूस 'आधी लोकमत तयार करा' हे कुणाला सांगणार? ज्याचं पाणी अडवलंय त्याला तर नाहीच नाही. पण महाडचंच उलटं टोकही मला दिसतं. ठराव होता, तरी पाणी नव्हतं. आणि तळ्यावर जे गेले ते स्वतः तहानलेले होते, त्यांच्या वतीनं गेलेले पाहुणे नव्हते.

बरं, लोकांना विचारायचं तंत्र आपल्याला परदेशातून मागवावं लागतं असंही नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर पाव हिस्सा मतदार बायकांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. आणि नियम केवढा कडक, झालेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे शेतावर गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्यानं कोंडलेली, प्रत्येक न आलेली बाई उभ्या बाटलीच्या खात्यात. जिथं जिथं बाटली आडवी झाली तिथं बायकांनी याद्या घेऊन घर न् घर पालथं घातलेलं असतं, कोणाची सासू आडवी येते आणि कोणाला रिक्षातून आणायचं हे त्यांना पाठ असतं. डब्लिनच्या टोळीप्रमुखानं त्यांच्याकडं शिकवणी लावावी. विधवा प्रथांसाठी मात्र अशी यादी घेऊन काकूच्या दारात कुणी आलं नाही. परिपत्रक आलं.

माझंही काही वेगळं नव्हतं. परवाच्या मेमध्ये चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेले. हळदीच्या वेळी अंगणात पाट मांडलेला, बायका एकेक करून पुढं येऊन मुलीला हळद लावत होत्या, आणि काकू मागच्या सोप्यात नारळ सोलत बसलेली. गावात ठराव आहे, कुणी तिला अडवलं नव्हतं. ती म्हणाली, "कुणी म्हणायच्या आधीच मी सरकते, म्हणजे कुणाला म्हणावं लागत नाही." माझ्या अंगात डब्लिन आलं. मी तिला दंडाला धरून अंगणात आणली, करंडा उघडला आणि चाळीस बायकांसमोर तिच्या कपाळाला कुंकू लावलं. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. एका पोरीनं फोटो काढला. थोड्या वेळानं मी मागं पाणी प्यायला गेले तर काकू मोरीवर वाकून कपाळ धूत होती. मला बघून पदरानं पुसलं आणि म्हणाली, ऊन लागलं गं.

भाऊ ग्रुप सोडून गेल्यावर मी काकूला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, शेवटी धीर करून त्या दिवसाचं काढलं. म्हटलं, काकू, तुला काय पाहिजे होतं तेव्हा? बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"आज इचारतीयास," ती म्हणाली. "मला कुंकू नको होतं बाई, तुझे काका गेल्यापासनं मला आरशात बघवत नाही. पोरीला हळद लावायची होती. मी वाढवलीया तिला."