जावयाची बंडी उलाळ

परवा सकाळी जावईबापूंनी अमेरिकेतून फोन केला आणि माझ्याकडे आबाजींचा मोबाइल नंबर मागितला. माझी तब्येत विचारली नाही, यंदा कपाशीला बोंडं किती धरली ते विचारलं नाही. "बाबा, त्या काकांचा नंबर असेल ना तुमच्याकडे?" बस, एवढंच. ज्या माणसाला मी महिनाभर रात्री जागून वहीत आकडे काढून दिले, तो माणूस.

झालं असं. जावईबापू टेक्सासला असतात. त्यांनी चोवीस फुटांचा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, फ्रिज, शेगडी, संडास-बाथरूम सगळं आत. पिकअपच्या मागे अडकवायचं आणि निघायचं. पहिल्याच फेरीत हायवेवर मोठा ट्रक बाजूने गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. यांनी घाबरून कचकन ब्रेक दाबला, तर तो जास्तच हलला. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे असतात, हे त्यांना नंतर कळलं. (आमची यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेही हलायची, पण तिला कधी घाई नव्हती, म्हणून कोणी घाबरलं नाही.) दुकानदाराने सांगितलं, 'वेट डिस्ट्रिब्युशन हिच' बसवा, म्हणजे ट्रेलरचा भार वाटून देणारा जोड. कोणतं बसवू म्हटलं तर त्याने सतरा प्रकार दाखवले. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबांना विचारा ना, ते चाळीस वर्षांपासून ट्रॅक्टर चालवतात."

मुलीने एवढं म्हटल्यावर माझी छाती फुगली. चूक तिथेच झाली.

आता आमच्या गावात रेंजचा प्रकार सांगतो. घरात रेंज येत नाही. अंगणात येत नाही. येते ती दारव्हा रोडच्या फाट्यावर, चहाच्या टपरीसमोर, बाभळीखालच्या बाकड्याच्या डाव्या टोकाला. फक्त डाव्या टोकाला. उजवीकडे दोन वीत सरकलं की बोलणारा माणूस पाण्यात बुडाल्यासारखा ऐकू येतो. टॉवर कुठे आहे, कोणासाठी आहे, देव जाणे. बिल मात्र महिन्याच्या महिन्याला भरतो. तर अमेरिकेतल्या चोवीस फुटी घराचा सल्ला मला त्या बाकड्यावर बसून, कान जरा कमी झालेला म्हणून स्पीकर लावून, आलुबोंडा खाणाऱ्या साऱ्या गावासमोर द्यावा लागला.

आणि त्या बाकड्यावर सकाळी सहापासून आबाजी असतात.

आबाजींचं वय त्यांना स्वतःलाच माहीत नाही. साऱ्या जन्माची बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकलेली. गावातल्या प्रत्येक संभाषणात आपला वाटा आहे, असा त्यांचा पक्का समज. फोन आला की ते डाव्या टोकावरून मोठ्या मनाने उजवीकडे सरकतात, मला जागा देतात आणि मग कान देतात.

त्या दिवशी मी तयारीनिशी गेलो होतो. वही उघडली. "जावईबापू, तुमचा ट्रेलर सामानासकट सहा हजार पौंड. म्हणजे सव्वासत्तावीस क्विंटल. त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, तुमच्या हिचच्या गोळ्यावर, म्हणजे ट्रेलर अडकतो तिथे, पाहिजे. म्हणजे पावणेतीन ते चार क्विंटल..."

"कोनाची बंडी हाय?" आबाजी.

"बंडी नाही आबाजी, ट्रेलर आहे. जावयाचा."

"चाकं किती?"

"चार. मधोमध, जवळ जवळ."

"मंग बंडीच होय थे." आबाजींनी चहा बशीत ओतला. "मांगं काय भरलं?"

मी दुर्लक्ष केलं. पण स्पीकर चालू होता आणि जावईबापू सुसंस्कृत. त्यांनी उत्तर दिलं. "काका, मागे पाण्याची टाकी आहे, दीडशे लिटरची. आणि मागच्या बाजूला दोन सायकली अडकवल्यात."

आबाजींनी बशी खाली ठेवली. फोनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. जसं काही ती टाकी मीच मागे बसवली.

"दीड क्विंटल पानी मांगं? अन् वरतून सायकली? मास्तर, तुमी काय शिकवून रायले पोराले? बंडी उलाळ हाय त्याची! उलाळ बंडी शेपूट हालवन नाई त काय करन, भजन करन?"

उलाळ म्हणजे मागे भार जास्त, पुढे हलकी. टपरीवाला हसला. आलुबोंडेवाले हसले. टेक्सासमधूनही कोणीतरी हसल्याचा आवाज आला, तो मुलीचा होता.

मी म्हणालो, "आबाजी, हा विषय थोडा तांत्रिक आहे. यात स्प्रिंगच्या दोन पट्ट्या असतात, आठशे पौंडांच्या घ्यायच्या की हजाराच्या, हा प्रश्न..."

"तुमच्या ट्रालीची पिन कोनती हाय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा तं खरं. जावयाले सांगा."

आता हे सांगणं आलं. माझ्या ट्रॉलीची पिन दोन वर्षांपूर्वी जिनिंगच्या रांगेत कोणीतरी पळवली. तेव्हापासून तिथे स्लॅबमधली उरलेली सळई वाकवून घातली आहे. तात्पुरती. तिकडे ट्रेलरच्या दांड्याखाली दोन साखळ्या एकमेकींना फुली मारून बांधतात, गोळ्यावरून सुटला तरी दांडा जमिनीत घुसू नये म्हणून. शिवाय एक वायर असते. ट्रेलर निसटला की ती ओढली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. हे सगळं मीच आदल्या आठवड्यात जावईबापूंना मोठ्या रुबाबात समजावलं होतं.

"सळई हाय, सळई!" आबाजींनी परस्पर टेक्सासला कळवलं.

मी म्हटलं, सगळ्यांच्याच ट्रॉलीला सळई आहे. आणि ते खोटं नाही. कापसाच्या दिवसात रात्री दारव्हा रोडने येऊन बघा. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरची पट्टी नाही, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि कापूस असा बाहेर आलेला की रस्ता कोणता अन् गंजी कोणती ते अंगावर आल्यावरच कळतं. दरवर्षी कोणीतरी मोटरसायकलवाला त्यात जातो. दोन दिवस सगळे हळहळतात, तिसऱ्या दिवशी तीच ट्रॉली, तीच सळई. माझीसुद्धा. बरं, ते राहू द्या.

मी वही परत उघडली. जरा टोकाला सरकलो, कारण आवाज तुटत होता. नेमक्या त्याच क्षणी आबाजी तंबाखू थुंकायला उठले.

ते बाकडं म्हणजे दोन दगडांवर ठेवलेली सागाची फळी. दगड मधल्या भागात, दोन्ही टोकं अधांतरी. आबाजी उठले तसं त्यांचं टोक वर उसळलं आणि माझं खाली गेलं. मी, वही, अर्धा कप चहा आणि व्हिडिओ कॉल, सगळं एकदम बाभळीच्या काट्यांत. फोन उताणा पडला. जावईबापूंना काही वेळ आभाळ दिसलं, मग आबाजींचा चेहरा दिसला. आबाजी त्यात डोकावून म्हणाले, "पाह्यलं? याले म्हंतेत उलाळ."

"काका, आत्ता समजलं!" जावईबापू ओरडले. "एकदम क्लिअर!"

'बाबा, लागलं का' हे त्यानंतर.

आबाजी मुद्दाम उठले की सहज, यावर मी अजून विचार करतो. तंबाखू खाऊन त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती.

खरी जळजळ वेगळीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं तरफ शिकवली. टेकू, बल, भार. फळ्यावर आकृती काढून, पट्टी आणि खोडरबर घेऊन. आणि समोर दोन दगडांवरची तरफ असताना मी तिच्या भाराच्या टोकावर जाऊन बसलो.

गोष्ट इथे संपली असती तर मी पचवली असती. पण जावईबापूंनी आबाजींचा सल्ला शब्दशः मानला. टाकी रिकामी केली, सायकली पिकअपच्या हौद्यात टाकल्या, डबे, खुर्च्या, अवजारं, सगळं ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात कोंबलं. शेपूट हलणं थांबलं. पण आता पिकअपचं बूड खाली बसलं, नाक वर गेलं, स्टेअरिंग हलकं लागू लागलं आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडू लागले. समोरून येणारे डिपर मारत होते. दुसऱ्या दिवशी फोन आला. मला. तक्रारीचा.

म्हणजे शेपूट थांबली ती आबाजींमुळे, आणि नाक वर गेलं ते माझ्यामुळे.

मी शांतपणे समजावलं. हिचचा गोळा मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे चार क्विंटल दाबलं की मागची चाकं टेकू होतात आणि पुढची हलकी पडतात. म्हणून तर ते महागडं हिच. त्याच्या दोन पट्ट्या हिचपासून ट्रेलरच्या दांड्यापर्यंत जातात आणि साखळीने ताणून ठेवतात. बांधकामावर एकचाकी गाडीच्या दोन मुठी उचलल्या की वजन पुढच्या चाकावर जातं ना, तसा थोडा भार पिकअपच्या पुढच्या चाकांवर जातो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर. पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची आधी टेपने मोजा. ट्रेलर अडकवल्यावर परत मोजा. मग पुस्तकात जेवढी सांगितली असेल तेवढी खाली येईपर्यंत पट्ट्या ताणा. पट्ट्या घेताना हौद्यातलं जे सामान मागच्या चाकांच्या मागे पडतं, त्याचंही वजन धरा. फार कडक पट्ट्या घेतल्या तर ट्रेलर आदळत जाईल. आणि मुख्य म्हणजे हिचने गाडीची ताकद वाढत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर गाडीला पेलणाऱ्या वजनाचा जो आकडा छापलाय, तो तोच राहतो.

एवढं सगळं मी एका दमात सांगितलं. काटे अजून टोचत होते. जावईबापू म्हणाले, "बरं. काका काय म्हणतात?"

काका तिथेच होते. त्यांनी आधी किंमत विचारली. पाचशे ते हजार डॉलर म्हटल्यावर मी रुपयांत करून सांगितलं. आबाजी बराच वेळ गप्प बसले.

"येवढ्यात गोऱ्हा येते," ते म्हणाले. "पन गोऱ्ह्याले पाण्याची टाकी ओढाले लावलं तं तो बी उलाळच."

याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही. जावईबापूंना मात्र तो फार खोल वाटला. मुलीने म्हणे तो सगळ्या मित्रांना ऐकवला.

तिला यायला तीन दिवाळ्या झाल्या. तिकीट महाग, सुट्टी नाही, मुलांची शाळा, सगळं मान्य. तेवढ्यात चाकांवरचं घर मात्र आलं. असो. मी काही बोललो नाही. बोलणार कसा, स्पीकर चालू होता.

आणि परवा हा नंबर मागणारा फोन. आठशेच्या पट्ट्या घ्यायच्या की हजाराच्या, यावर काकांचं मत हवं होतं. मी तीनदा हजाराच्या सांगून झालं होतं, वहीत हिशेबासकट. तरी मी नंबर दिला. नातवाने घेऊन दिलेला आबाजींचा मोबाइल बंडीच्या जुन्या जोत्याच्या दोरीने त्यांच्या गळ्यात बांधलेला असतो.

आता आबाजी डाव्या टोकावरून सरकत नाहीत. मी गेलो की तळहात दाखवून थांबवतात. "थांबा मास्तर, टेक्सासचा फोन येनार हाय मले." मुलीशी बोलायचं असलं की मी फाट्याच्या पुढे पुलावर जातो. तिथे कठड्यावर उभं राहिलं की एक काडी रेंज येते.