पुढचे चार वर, मागचे चार खाली आणि मध्ये मोकळं रान

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. इतक्या उशिरा फोन म्हणजे काहीतरी विपरीत घडलं असणार म्हणून धडपडत उचलला, तर साहेब रडवेल्या आवाजात म्हणतात, "मामा, सहा मॅचमध्ये १९ गोल खाल्ले. बोर्ड आता मला काढणार." हा बोर्ड फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममधला, क्लबचा कारभार बघणारा. दुसऱ्या विभागातला साधासा संघ पोराने तीन सीझन खपून वर आणला होता, आणि सहा सामन्यांत त्याची माती झाली. काय बदललंस, असं विचारल्यावर त्याने एक मेसेज पुढे ढकलला. तो मला त्याआधीच दोघांकडून आला होता. दोन्ही वेळा न वाचता सोडून दिला, ही माझी चूक.

मेसेजचं नाव "कुठलाही संघ, हमखास विजेतेपद: हाय प्रेसचे सात नियम". हाय प्रेस म्हणजे समोरच्याच्याच अर्ध्यात त्याच्यावर तुटून पडून चेंडू हिसकावणं. नियम थोडक्यात असे. एक, लाइन ऑफ एंगेजमेंट सगळ्यात वर आणि डिफेन्सिव्ह लाइन सगळ्यात खाली ठेवा, म्हणजे पुढे दबाव आणि मागे सुरक्षा. दोन, ट्रिगर प्रेस (म्हणजे समोरच्यावर किती वेळा धावून जायचं) सगळ्यांना शेवटच्या टोकाला. तीन, खेळाडूंचे आकडे बघू नका, टॅक्टिकच सगळं करते. चार, पूर्ण सीझन काही बदलू नका. पाच, थकवा हा नुसता देखावा आहे. सहा, गेट स्टक इन (म्हणजे आक्रमक टॅकल करण्याची सूचना) कायम चालू. सात, क्लॉप (लिव्हरपूलचा माजी मॅनेजर) हेच करायचा.

पहिला नियम वाचून मी डोक्याला हात लावला. बाकीचे सहा नियम बरोबर असते तरी या एकाने संघ बुडाला असता.

या दोन सूचना काय करतात ते आधी बघू. लाइन ऑफ एंगेजमेंट म्हणजे समोरच्याच्या अंगावर कुठून जायला सुरुवात करायची. डिफेन्सिव्ह लाइन म्हणजे आपली बचाव फळी कुठे उभी राहणार. दोन्ही मिळून एकच गोष्ट ठरते, ती म्हणजे चेंडू समोरच्याकडे असताना आपला संघ पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत किती लांब पसरलेला असेल. हाय प्रेसमध्ये कळीची गोष्ट ही लांबीच. पळणं नंतर येतं.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. १९८७ मध्ये अरिगो साक्की एसी मिलानला प्रशिक्षक म्हणून आला, पहिल्याच सीझनला लीग जिंकली, मग १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप घेतले. बचाव करताना शेवटचा डिफेंडर आणि स्ट्रायकर यांच्यात २५ मीटरपेक्षा जास्त अंतर असू नये, हा त्याचा दंडक होता. मैदान असतं साधारण १०५ मीटरचं. म्हणजे दहाही जण मैदानाच्या पाव भागात कोंबलेले, आणि ही अख्खी पेटी चेंडूबरोबर वरखाली, डावीउजवीकडे सरकणार. पेटी इतकी आखूड असल्यामुळे एकजण अंगावर गेला की दुसरा दोन पावलांत त्याच्या मागे पोचतो. प्रेस म्हणतात तो हा.

आता आपल्या मेसेजवाल्याचा संघ बघा. स्ट्रायकर समोरच्याच्या पेनल्टी बॉक्सपाशी, सेंटर बॅक, म्हणजे मधले डिफेंडर, स्वतःच्या पेनल्टी बॉक्सपाशी. मधलं अंतर साक्कीच्या दुप्पट धरा, जास्तच असेल. भाच्याची रचना ४-२-३-१, त्यामुळे या सगळ्या मैदानाची राखण करायला दोन मिडफिल्डर. दोन! त्याच्या हरलेल्या सामन्यांचे गोल मी त्याच्याकडून पुन्हा लावून घेतले. १९ पैकी ११ गोल एकाच साच्यातले. समोरचा सेंटर बॅक चेंडू घेतो. आपला स्ट्रायकर आणि त्याच्यामागचे तिघे सुसाट धावत जातात. समोरचा सेंटर बॅक शांतपणे एक पास त्यांच्यामधून स्वतःच्या होल्डिंग मिडफिल्डरला (बचावापुढे थांबणाऱ्या मिडफिल्डरला) देतो. त्या माणसाच्या आसपास चिटपाखरूही नसतं. तो वळतो, मान वर करतो, हवं तिथे चेंडू टाकतो. आपल्या दोघांनी पुढे जावं तर त्यांच्यामागे मोकळं रान, मागे थांबावं तर समोरच्याला विचार करायला हवा तेवढा वेळ. बचाव फळीला तर पुढे यायला मनाईच आहे. चौघे पुढे उगाच दमले, चौघे मागे नुसते बघत उभे. हे प्रेसिंगही नाही आणि बचावही नाही. धड अर्धं अर्धंसुद्धा नाही.

आता एक कबुली द्यावी लागेल, जरा नाइलाजानेच. हा नियम हवेतून आलेला नाही. स्प्लिट प्रेस नावाचा प्रकार खरोखर असतो. त्यात पुढच्या तिघाचौघांना वैयक्तिक सूचनांमधून जास्त प्रेस करायला सांगतात आणि बाकीच्यांना जागा धरून ठेवायला. मी स्वतः तो वापरलाय आणि चालतो. पण त्यात कमीजास्त होतो तो प्रेसचा जोर. बचाव फळीला कुणी गोलरक्षकाच्या मांडीवर नेऊन बसवत नाही. ती मधल्या उंचीवरच राहते, आणि तिच्यापुढे एक माणूस खास राखणीला ठेवलेला असतो. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी अर्धं ऐकलं आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने लिहिलं.

मग करायचं काय? मी भाच्याला सांगितलं ते असं: टॅक्टिक मागून रचायला घे. आधी तुझा सगळ्यात हळू सेंटर बॅक बघ. त्याच्या एका सेंटर बॅकचा पेस, म्हणजे वेग, २० पैकी ९, दुसरा ३३ वर्षांचा. अशा जोडीच्या पाठीमागे ४० मीटर मोकळे ठेवून डिफेन्सिव्ह लाइन सगळ्यात वर नेणं म्हणजे समोरच्या विंगरला आमंत्रण. मग गोलरक्षक बघ: तो बॉक्सबाहेर येऊन पाठीमागचा चेंडू साफ करणारा आहे का, की रेषेवर खिळलेला? या तिघांवरून बचाव फळीची उंची ठरव. ती ठरली की लाइन ऑफ एंगेजमेंट तिच्याशी जुळव, म्हणजे संघाची लांबी ताणली जाणार नाही. त्याच्या संघाला हे उत्तर मिड ब्लॉकचं, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात बचाव मांडण्याचं, आलं. तो हिरमुसला, "म्हणजे हाय प्रेस नाहीच?" अरे, मिड ब्लॉकमध्येही ट्रिगर प्रेस वाढवता येतो. समोरच्याच्या दोन सेंटर बॅकना आपापसात खुशाल पास करू दे, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. चेंडू मधल्या पट्ट्यात आला की तुटून पड. प्रेसिंग ट्रॅप (समोरच्याला कोंडायचा सापळा) बाहेरच्या बाजूला लाव, म्हणजे चेंडू फुल बॅककडे, कडेच्या डिफेंडरकडे, ढकलला जाईल. तिथे टचलाइन तुझी बारावी खेळाडू. खरा हाय प्रेस हवा असेल तर पुढच्या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडू घेण्याच्या मुदतीत, आधी वेगवान सेंटर बॅक घे. स्ट्रायकर नंतर.

फुटबॉल मॅनेजर २६ मध्ये तर चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची रचना वेगवेगळी लावता येते. म्हणजे हा सगळा विचार करायला आता स्वतंत्र जागाच दिलेली आहे. मेसेजवाल्याला त्याची गंधवार्ता दिसत नाही.

सातव्या नियमाकडे उडी मारतो, कारण लोक त्यालाच भुलतात. "क्लॉप हेच करायचा." नाही, हे करत नव्हता. क्लॉपच्या लिव्हरपूलने २०१६-१७ मध्ये लीगच्या ३८ सामन्यांत ४२ गोल खाल्ले, २०१७-१८ मध्ये ३८. प्रेस तेव्हाही जोरात होता. मग जानेवारी २०१८ मध्ये सेंटर बॅक व्हॅन डाइक आला, त्याच उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसन आला, आणि २०१८-१९ मध्ये खाल्लेले गोल २२ वर आले. मॅनेजर तोच होता, पुढचे तिघेही आदल्या सीझनचेच. मोठा बदल झाला तो मागे. उलटं उदाहरण हवं असेल तर ४ ऑक्टोबर २०२० आठवा. ॲलिसन जायबंदी, बचाव फळी नेहमीसारखी उंच, पुढचा दबाव ढिला, आणि ॲस्टन व्हिलाने सात घातले. ७-२! त्या दिवशी व्हॅन डाइक मैदानात होता. साखळीतली एक कडी निघाली की जगातल्या सर्वोत्तम डिफेंडरचीही अशी फजिती होते, मग पेस ९ वाल्या गरिबाची काय कथा.

जाता जाता: मेसेजच्या सुरुवातीला प्रेसिंग हा "जर्मन शोध" म्हटलाय. गेगेनप्रेसिंग (चेंडू गमावल्या क्षणीच तो परत मिळवायला तुटून पडणं) हा शब्द जर्मन आहे खरा. पण प्रशिक्षक व्हिक्टर मास्लॉवचा डायनॅमो कीव्ह १९६० च्या दशकातच संघ म्हणून प्रेस करत होता आणि १९६६, ६७, ६८ अशी सलग तीन सोव्हिएत विजेतेपदं घेऊन बसला होता.

तिसरा नियम, आकडे बघू नका. गेममध्ये एकेका खेळाडूला १ ते २० मध्ये इतके गुण दिलेत ते काय शोभेला? वर्क रेट सांगतो की गडी पळायला तयार आहे का, स्टॅमिना सांगतो की त्याला ते किती वेळ झेपेल. वर्क रेट १७ आणि स्टॅमिना ९ असलेला गडी सगळ्यात घातक, कारण तो तासाभरात स्वतःला संपवून टाकतो आणि तरी पळतच राहतो. अँटिसिपेशन (पुढचं ओळखणं) आणि डिसिजन्स (निर्णय) कमी असले की माणूस चुकीच्या वेळी चुकीच्या माणसावर धावतो. टीमवर्क नसेल तर एकटाच धावतो. एकट्याने केलेला प्रेस म्हणजे समोरच्याला फुकटचं भोक.

इथेही अर्धसत्य आहे ते मान्य करतो. या गेमच्या इंजिनमध्ये वर्षानुवर्षं जोरकस प्रेसला झुकतं माप मिळत आलंय. बरोबरीच्या किंवा कमकुवत संघांविरुद्ध वेगवान, दमदार खेळाडू घेऊन नुसता तयार गेगेनप्रेस लावला तरी बऱ्याचदा निभावून जातं. मेसेजमधले "पुरावे" म्हणून दिलेले स्क्रीनशॉट खोटे असतील असं मी म्हणत नाही. पण त्यांतला संघ बघा: लीगमधला सगळ्यात श्रीमंत. त्याने उलटं उभं राहून खेळलं असतं तरी तो पहिल्या चारांत आला असता. "कुठलाही संघ" हे दोन शब्द तिथे सिद्ध होत नाहीत.

थकव्याच्या नियमावर चिडायलाही कंटाळा आलाय. तो देखावा असता तर प्रशिक्षक मार्सेलो बिएल्साचा लीड्स संघ अजून त्याच्याकडेच असता. २०२०-२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये नववा क्रमांक आणि सगळीकडे वाहवा. पुढच्या सीझनला महत्त्वाचे खेळाडू जायबंदी, खेळण्याची रीत मात्र तीच, आणि फेब्रुवारी २०२२ या एका महिन्यात पाच सामन्यांत २० गोल खाल्ले. महिना संपायच्या आत बिएल्साला काढलं. गेममध्येही असंच हळूहळू होतं. खेळाडूच्या नावापुढच्या, दम दाखवणाऱ्या हृदयाचा रंग उतरत जातो, सत्तराव्या मिनिटाला प्रेस अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचतो, आणि मार्चमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींची रांग लागते. साधा उपाय: दोन गोलांनी पुढे असाल तर ट्रिगर प्रेस एक पायरी खाली घ्या, टेम्पो उतरवा, चेंडू ठेवून दम खा. पाच बदली खेळाडू मिळत असतील तर पाचही वापरा, आणि आठवड्यात दोन सामने असताना ट्रेनिंगचा जोर कमी करा.

दुसरा आणि चौथा नियम एकत्रच निकालात काढतो. सगळ्यांनी सगळीकडे, सगळ्यांविरुद्ध सारखंच धावायचं, तर समोर कोण आहे हे बघायचंच नाही? थेट लांब चेंडू मारणाऱ्या संघाविरुद्ध प्रेस करून काय मिळणार, चेंडू तर तुमच्या डोक्यावरून गेला. उलट त्यांचा एखादा सेंटर बॅक पायाने कच्चा असेल तर अपोझिशन इन्स्ट्रक्शन्समध्ये (समोरच्या एकेका खेळाडूबद्दलच्या सूचनांमध्ये) फक्त त्याच्यावर प्रेस लावा, त्याला कमजोर पायावर ढकला, आणि दुसऱ्या सेंटर बॅकचा रस्ता बंद करा. एवढ्यावर दोन गोल मिळतात. आणि "सकाळी लावा, संध्याकाळी जिंका" असंही एक वाक्य मेसेजच्या शेवटी आहे. टॅक्टिकल फॅमिलिॲरिटीची, म्हणजे संघाला नवी टॅक्टिक किती अंगवळणी पडली हे दाखवणारी, पट्टी भरायला काही आठवडे लागतात हे त्याला कुणीतरी कळवा.

उरला गेट स्टक इन. भाच्याने सहा सामन्यांत तीन लाल कार्डं आणि चार पेनल्टी दिल्यात. यावर मी आणखी काय लिहू.

काल रात्री त्याने मिड ब्लॉक लावून पहिला सामना खेळला. ०-० सुटला. फोनवर म्हणाला, "मामा, बोअर झालं, पण समोरच्याचा एकही शॉट बॉक्समधून आला नाही." बोर्डाने त्याला अजून पाच सामने दिलेत. ३३ वर्षांच्या सेंटर बॅकला विकावं का, असं विचारत होता. म्हटलं, जानेवारीपर्यंत थांब, आधी बदली माणूस शोध, पेस १४ च्या खाली नको.